सकाळी नऊ ते दहा भेटावे

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि चौथीतही नीट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझ्या लिहिण्याला नावं ठेवायला नको. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही नुसतं बोला, फोन आपोआप लिहून घेतो." मी म्हटलं, "तुझ्या फोनाक खोटा लिवची सवय लागली आसा. माझा मी हातान लिवतंय." तो हसला. त्याला वाटतं म्हातारा कायम रागावलेलाच असतो. असतोच. पण ह्या वेळी कारण होतं.

मागच्या महिन्यात त्याने आमच्या पश्चिमेकडच्या दोन खोल्यांचे फोटो काढले, भाड्याने द्यायला. कोपऱ्यात स्टुलावर चढला आणि हात वर करून असे काढले, की दहा फुटांची खोली फोटोत देवळाच्या सभामंडपासारखी दिसायला लागली. माझी बाज बाहेर काढली, माझं धोतर वाळत घालायचं दावं सोडलं, खिडकीत ऊन येईपर्यंत थांबला. वर मलाच शिकवलं. "पहिला फोटो उजेडाचा पाहिजे, आजोबा. लोक तीन फोटो बघतात, चौथा कोण बघत नाही. कुणी काही विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, उशीर केला की दुसरीकडे जातात. आणि भाडं शेजाऱ्यापेक्षा थोडं कमी ठेवायचं, मग खोली रिकामी राहतच नाही." मी विचारलं, "आणि मागला गटार?" तर म्हणतो, "ते फोटोत येत नाही." माझं डोकंच फिरलं. तो काही नवीन करत होता म्हणून नाही. त्याच खोल्या मी अठराव्या वर्षी फोनाशिवाय तीन दिवसांत भरल्या होत्या, आणि तेच इतक्या वर्षांनी वर आलं.

त्या खोल्या बाबांनी बांधल्या. बाबा रापणीत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून साऱ्या वाडीने मिळून ओढायचं मोठं जाळं. एका वर्षी ओढताना त्यांचा खांदा निखळला, तो वैद्याने बसवला पण वाकडा बसवला, आणि बाबांचं ओढणं संपलं. बसून खाणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी चिरे आणले, वर कौलं घातली, आणि घराच्या समुद्राकडच्या अंगाला दोन खोल्यांचं बिऱ्हाड उभं केलं. गावात बदलीवर मास्तर यायचे, कचेरीतले कारकून यायचे, त्यांना राहायला जागा नसायची. पहिला बिऱ्हाडकरू बँकेतला एक शिपाई होता, मालवणचाच, मासे खाणारा. तो चार वर्षं राहिला आणि बदली होऊन गेला. मग खोल्या रिकाम्या.

खोल्यांच्या पुढ्यात आईचं खळं होतं. खळं म्हणजे अंगण, पण आईचं अंगण तुळशीचं नव्हतं, सुक्या मासळीचं होतं. माडाची झापं पसरून त्यावर पेडवे, बांगडे, आणि बारीक कोलंबीचा गोलमा. सकाळी होडीवरून टोपली आली की आई ती समुद्राच्या पाण्यात धुवायची, मीठ लावायची, एकेक बांगडा उताणा करून ठेवायची, आणि मग दिवसभर कावळ्यांशी तिचं भांडण. एका हातात डब्याचं पत्र्याचं झाकण, दुसऱ्या हातात काठी, आणि तोंडाने "हाऽऽड मेल्या!" हा आवाज म्हणजे माझ्या लहानपणाचं घड्याळ. तो थांबला की समजायचं, आई जेवायला बसली. जेवण म्हणजे पेज, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, नाहीतर गोलमा भाजून, चुरून, त्यात खोबरं-कांदा घालून केलेली किसमूर. किसमूर अशी, की पेजेचा टोप कधी रिकामा झाला ते कळायचं नाही. आठवड्याच्या बाजाराला आई सुकं घेऊन जायची आणि येताना तिची मान ताठ असायची. घरात कमावणारी आता तीच होती. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या खळ्यात बाबासुद्धा चपला काढून पाय ठेवायचे.

वासाचं म्हणाल तर आम्हाला वास येतच नव्हता. माशाला पाण्याचा वास येतो का? पण परक्याला यायचा, आणि त्याची वेळ ठरलेली होती. सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो. आम्ही त्याला मतलई म्हणतो. तोवर खळ्यातला सगळा वास लाटांवर. अकराच्या पुढे वारा फिरतो, समुद्राकडून खारा वारा सुटतो, आणि मग खळ्यातलं सगळं सरळ त्या दोन खोल्यांच्या खिडकीतून आत.

बाबा हे कुणापासून लपवायचे नाहीत. खोली दाखवायची त्यांची एक रीतच होती, आणि त्या रीतीची मला चीड यायची. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत कचेरीतला एक कारकून आला. छत्री, पांढरा शर्ट, चांगला माणूस. बाबांनी त्याला गूळपाणी दिलं आणि सुरू झाले.

"ह्या बगा, वैशाखात बावीचा पाणी मचूळ जाता. पावसात कुरल्यो घरात येतत. चावणत नाय, पण येतत. आणि पावस सरलो की दुपारी सुक्याचो वास येता. नाक आसा मा तुमका?"

"आहे की," कारकून हसला.

"मगे घेव नकात."

बाव म्हणजे विहीर, कुरल्यो म्हणजे खेकडे; कारकुनाला तेवढं कळलं असावं, गूळपाणी संपवून तो गेला. आतून आई म्हणाली, "भाड्यान देतास काय पळवन लावतास ओ?" बाबा म्हणाले, "येवक होयो तो येतलो." ज्याला यायचं तो येईलच, हे त्यांचं ठरलेलं. मी म्हटलं, "कोण येतलो? नाक कापललो?" बाबा नुसते हसले. असे पाच जण आले आणि पाच जण गेले. आमच्याकडे बदल्या होतात त्या शाळा सुरू व्हायच्या सुमाराला. तो महिना गेला की वर्षभर खोली धूळ खाते. तो महिना गेला. श्रावण गेला, चतुर्थी गेली, दिवाळी आली. खोल्यांच्या भिंतींना बुरशी. आणि वाडीत लोक विचारायचे, "काय रे, तुमचो बंगलो अजून मोकळोच?"

मला ते सोसलं नाही. मी ठरवलं, ह्या खोल्या मी भरून दाखवीन. आत्ता माझा नातू ज्याला शहाणपण म्हणतो ते सगळं मी तेव्हा केलं. भिंतींना चुना मारला. खिडकीला निळा रंग. जमीन सारवून घेतली. दाराशी जास्वंद आणून लावली, मुळं धरलेली नव्हती, नुसती खोचली होती. मग एस.टी. स्टँडवर चहाचं हॉटेल होतं, तिथल्या पाट्या रंगवणाऱ्याकडून एक पाटी करून घेतली. मजकूर माझा. "दोन खोल्या भाड्याने. समुद्राची हवा, बावीचे पाणी, शांत जागा. सकाळी नऊ ते दहा भेटावे." पाटी हॉटेलाच्या खांबाला ठोकली, जिथे बाहेरगावचा माणूस गाडीतून उतरून पहिला चहा पितो. त्याची नजर दुसरीकडे जायच्या आत माझ्या पाटीवर. बाबांना वाचता येत नव्हतं, आईला येत नव्हतं. घरात अक्षर येत होतं ते माझ्या एकट्याला, आणि त्याचा मी हा उपयोग केला. पाटीवर एक शब्द खोटा नव्हता. ह्याचीच मला जास्त शिसारी येते. खोटं होतं ते फक्त घड्याळात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मगदूम गुरुजी आले. दिवाळीनंतर अवेळी बदली होऊन आलेले, गडहिंग्लजकडचे, घाटावरचे, गळ्यात तुळशीची माळ. मागे त्यांची बायको, नवं लग्न झालेलं, डोक्यावरचा पदर जराही ढळू न देणारी. बाबा तेव्हा खांद्याला तेल लावून घ्यायला वैद्याकडे गेले होते. तो दिवसही मी हेरून ठेवला होता. मतलई छान सुटली होती, जास्वंद हलत होती. गुरुजींनी खिडकी उघडली आणि खळ्याकडे बघितलं. आई पाठमोरी, बांगडे मांडत होती.

"मासळी वाळवता काय ओ हितं?"

"होय."

"आमी माळकरी. वासाचं कसं काय?"

मी त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि म्हटलं, "आत्ता येतोय का तुम्हाला?"

गुरुजींनी हुंगलं. बायकोनेही हुंगलं. "न्हाई बा," ती म्हणाली. आणि हसली. ती हसली ते मला आजही दिसतं. जागा मिळाली म्हणून माणूस हसतो तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचं सामान आलं. एक ट्रंक, दोन वळकट्या, स्टो. बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वासाचा सांगलंस मा?" मी म्हटलं, "सांगलंय." बाबा खूश झाले. "बगलंस? येवक होयो तो इलो." साडेअकराला वारा फिरला. मी वाडीत निघून गेलो. मर्द माणूस, अठरा वर्षांचा, आणि एका बाईच्या नाकाला भिऊन पळालो.

त्यांनी तक्रार केली नाही. भांडले असते तर मी भांडून घेतलं असतं, मला भांडायला आवडतं. गुरुजी शाळेत जायचे, आणि ती बाई वारा फिरला की खिडकी लावून घ्यायची, दार लावून घ्यायची. कौलाखाली ते चिऱ्याचं बिऱ्हाड दुपारी भट्टीसारखं तापायचं. संध्याकाळी ती दार उघडायची तेव्हा तिचा चेहरा भिजलेल्या कापडासारखा असायचा. विहिरीवर आईला भेटली की हसायची. "काय न्हाई ओ, ऊन लागतंय जरा." आई साधी होती पण वेडी नव्हती. तिच्या लक्षात आलं, दुपारी त्या घरातून स्टोचा आवाज येत नाही. सकाळी येतो, रात्री येतो, दुपारी नाही. महिनाभर तिने ते ऐकलं.

मग एका दुपारी तिने वाटीत सोलकढी घेतली, तिला वाटलं बाईला उन्हाचं बरं वाटेल, आणि दार ढकललं. मी पडवीत होतो, मला सगळं दिसलं. बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, पदराचा बोळा नाकावर दाबलेला, त्यात संत्र्याची साल. आईला बघून तिने तो बोळा झटकन पाठीमागे लपवला आणि उठून उभी राहिली. "या की, बसा." आईने वाटी जमिनीवर ठेवली. बसली नाही.

बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तू तेंका सांगललंस?"

मी उठून जायला निघालो.

"सांगललंस काय नाय?"

"तेंनी वास घेवन बगल्यानी. येणा नाय म्हणाली."

"कितक्या वाजता?"

माशाचं पोट एका बोटाने फाडायची सवय असलेली बाई. एकच प्रश्न विचारला आणि सगळं बाहेर. मी म्हटलं, "सकाळी." तिने मारलं नाही, शिवी दिली नाही, आणि आमच्याकडे आई शिवी देत नाही तेव्हा घाबरायचं असतं. "माझ्या घामाचो वास तू इकलंस," म्हणाली. "म्हयनो झालो, एक बाय माझ्यामुळे दुपारची जेवणा नाय. माका कोणी तरी सांगूचा होता." मग तिने झापं गुंडाळली. अर्धे सुकलेले बांगडे, तसेच ओले-सुके, टोपलीत भरले, आणि डोक्यावर घेऊन खडपाकडे निघाली.

खडप म्हणजे वाडीच्या पलीकडचे काळे कातळ. तिथे जायला वाळूतून पाऊण तास. सावली नाही, पाणी नाही. कावळे, घारी, वर कुत्री. खळ्यात ती घरातलं करता करता मासळीवर डोळा ठेवायची, तिथे दिवसभर बसून राहावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात अर्धा माल गेला. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तळव्यांना चिरा, आणि डोळे उन्हाने लाल. बाबा म्हणाले, "अगो, तेंका सांगूया. ते जातील, नाय तर सोसतील." आई म्हणाली, "तेंनी भाडा दिल्यानी, घर तेंचा. वास माझो आसा, तो मी न्हेतंय." बाबा माझ्याशी बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "जा आणि गुरुजींच्या पाया पड." मी गेलो नाही. मी अडून बसलो. मला वाटत होतं, मी खोल्या भरल्या, जे तुम्हाला सहा महिने जमलं नाही ते मी केलं, आणि माफी मीच मागायची? असा मी होतो. अजूनही तसाच आहे, पण त्या वेळचं मला माझं मलाच घाणेरडं वाटतं.

दोनेक आठवड्यांनी गुरुजीच मला विहिरीवर भेटले. पोहरा ओढत होते. म्हणाले, "अलीकडं दुपारचा वास येत न्हाई. वारा बदलला म्हणायचा काय?"

होय म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. माझ्या जिभेवर होय आलंही होतं. पण तेवढ्यात आई वाळूतून येताना दिसली, डोक्यावर टोपली, एक पाय ओढत. मी म्हटलं, "वारा तोच आहे. आई तिकडे कातळावर नेते."

"का?"

"तुमच्यासाठी."

गुरुजींनी पोहरा कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, "मी वर्गात पोरांना शिकवतो, सकाळी मतलई वारे, दुपारी खारे वारे. फळ्यावर बाण काढून शिकवतो. आणि मला सकाळी नऊला खोली दाखवली, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई." आवाज चढला नव्हता. "तुम्ही सांगितलं असतंत तरी आम्ही आलोच असतो ओ. गावात दुसरी जागा हाय कुठं? दुपारचं मी हिला शाळेच्या पडवीत नेऊन बसवलं असतं. डबा तिथंच खाल्ला असता दोघांनी. तुमच्या आईला कशाला पायपीट करायला लावली?"

नातवाला मी हे सांगितलं तर तो म्हणेल, सगळेच तसे नसतात, बाकीचे पाच तर पळाले ना. पळाले. पण ज्याला राहायचं होतं त्याच्याशी मी खोटं बोललो, आणि गरजही नव्हती.

त्याच संध्याकाळी ती बाई आईकडे आली. आईचे पाय गरम पाण्यात होते. बाई खाली बसली आणि आईच्या पायाला हात लावायला गेली. आईने पाय मागे घेतले. "आई, उद्यापासनं हितंच वाळवा. मला सवय झाली," बाई म्हणाली. आई म्हणाली, "खोटा बोलू नको गो. आमच्याकडे एक आसा तितको पुरे." बाई रडायला लागली, मग आई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. पण खळ्यात येते असं काही म्हणाली नाही.

चार दिवसांनी गुरुजींनी खोल्या सोडल्या. दीड कोसावर एका आंबेवाल्याच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या घरात, त्यांना जागा मिळाली, तिथून रोज चालत शाळेत यायचे. किल्ली त्यांनी बाबांच्या हातात दिली, माझ्या नाही. बाबांनी त्यांना नारळ दिला. बाई जाताना आईला म्हणाली, "आता तुमचं खळं तुम्हाला मोकळं." सगळ्यांना तेच वाटलं. मलाही. खोल्या रिकाम्या होत्या, खळं रिकामं होतं, सकाळी टोपली आली. मी स्वतः झापं आणून पसरली. आई आली, झापांकडे बघितलं, ती गोळा केली, टोपलीत टाकली आणि खडपाची वाट धरली.

"आये, आता थंय कित्याक जातंस? कोण नाय हंय."

"मी हंय बसलंय की माका तो बोळो दिसता," ती म्हणाली. "नाकावरचो."

मग मी जे केलं ते कुणी सांगितलं म्हणून केलं नाही. टोपली तिच्या हातातून ओढून घेतली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. आमच्यात पुरुष समुद्रातून मासळी आणतो, पण सुकवायची टोपली डोक्यावर घेत नाही. ते बायकांचं काम. पुरुषाने ते केलं तर वाडीला वर्षभर पुरेल एवढं हसं. वाटेत माडाखाली जाळी दुरुस्त करत बसलेले सगळे थांबले. "काय रे, लुगडा खंय आसा तुझा?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "बाजारात बसतलंस मा? आमका दोन बांगडे स्वस्तात दी." मिठाचं पाणी टोपलीतून माझ्या कानांवरून, मानेवरून शर्टात उतरत होतं. मी एकालाही उत्तर दिलं नाही. आयुष्यात तेवढीच वाट मी उत्तर न देता चाललो असेन.

आई पुढे चालत होती, मोकळ्या हातांनी, झपझप. वाळू संपून कातळ लागला तिथे वारा फिरला. समुद्राकडून आला तो सरळ तोंडावर. आई थांबली, पण मागे वळली नाही.

"फुडे हो," म्हणाली. "मागे चाललंस तर तुका माझो वास येतलो."

मी मागेच चाललो.